‘कुत्रं तेवढं सोडून बोला’

प्रश्न : ताई, मी एका सरकारी बँकेत अधिकारी आहे. वय ३१, लग्न झालेलं नाही. नुकतीच पुण्याहून सांगलीला, विश्रामबागच्या शाखेत बदली झाली. माझ्याकडे चार वर्षांची गावठी कुत्री आहे, चिंगी. अगदी पिल्लू असताना आमच्या पार्किंगमध्ये सापडली, तेव्हापासून माझ्याजवळच आहे. सध्या ती पुण्यात मैत्रिणीकडे आणि मी इथे एका सहकारी मॅडमच्या घरी. दोघींचाही पाहुणचार आता लांबत चाललाय. घरं बरीच बघितली. घर आवडतं, भाडं पटतं, चहा येतो, आणि कुत्रीचा विषय निघाला की बोलणं संपतं. एका काकांनी तर ‘मॅडम, कुत्रं तेवढं सोडून बोला’ असं तोंडावर सांगितलं. एजंट म्हणतो, आता काही बोलू नका, सामान टाका, महिन्याभरानं कुत्री आणा, मग कोण बाहेर काढतंय! आई म्हणते, चिंगीला मामाच्या मळ्यात सोड, तिथे मोकळी राहील. सोसायटीला कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही असं मी ऐकलंय. मग कायदा दाखवून भांडू? की एजंटाचं ऐकू?
— बदलीवाली, सांगली

उत्तर : एजंटाचं ऐकू नका. त्याची दलाली किल्ली तुमच्या हातात पडते त्या दिवशी वसूल होते. महिन्याभरानं जे व्हायचं ते तुमचं आणि घरमालकाचं. शिवाय सांगलीत कुत्री लपायची नाही. पहिल्या सकाळी दूधवाला बघणार, दुसऱ्या दिवशी धुण्याभांड्याच्या मावशी, आणि आठवडा संपायच्या आत घरमालकाच्या पुतण्याला कट्ट्यावर कुणीतरी विचारणार, ‘तुमच्यात ती बँकेतली पोरगी कुत्रं घेऊन आलीया काय?’ त्यानंतरचा राग कुत्रीवरचा नसतो, फसवल्याचा असतो, आणि तो रास्तच असतो. दोन महिन्यांत घर सोडायची वेळ आली, तर पुढच्या घरी तुमच्याआधी तुमची कीर्ती जाऊन पोचलेली असेल. पुण्यात हे खपतं, कारण तिथे एका पेठेतला घरमालक दुसऱ्या पेठेतल्याला ओळखत नाही. इथे ते एकाच भिशीत असतात.

कायद्याचं तुम्ही ऐकलंय ते खरं, पण अर्धं. भारतीय प्राणी कल्याण मंडळानं २०१५ मध्ये काढलेल्या सूचना स्पष्ट आहेत. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमतानं ठराव केला तरी नाही. कुत्रं आहे म्हणून लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही, त्यासाठी वेगळा आकारही लावता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानंही २०२१ मध्ये सोसायट्यांची अशी बंदी बेकायदा ठरवली. पण हे सगळं सोसायटी आणि तिथला रहिवासी यांच्यातलं. घरमालकाची गोष्ट वेगळी. आपला फ्लॅट कुत्रीवालीला द्यायचा की नाही हे तोच ठरवणार, आणि करारात ‘पाळीव प्राणी ठेवू नये’ असं लिहिलेलं असताना तुम्ही खाली सही केलीत, तर ती अट तुम्हाला बांधील.

म्हणून पहिल्याच फोनवर एवढं वेगळं करून घ्या, की ‘नाही’ नेमकं कोण म्हणतंय. पुष्कळ मालक स्वतःचं नको सोसायटीच्या नावावर खपवतात. मालकाला चालत असेल आणि सेक्रेटरी अडून बसला असेल, तर त्या सूचनांची छापील प्रत घेऊन शांतपणे त्यांच्याकडे जा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. मालकालाच नको असेल तर कायदा काढूच नका, ‘बरं काका, येते’ म्हणून उठा. भांडून मिळवलेल्या घरात अकरा महिने रोज त्याच जिन्यानं चढायचं असतं.

आता खरं काम. ‘कुत्रं नको’ म्हणणाऱ्या दहा माणसांच्या मनात दहा वेगळ्या गोष्टी असतात, आणि तुम्ही त्या विचारतच नाही असं तुमच्या पत्रावरून वाटतं. नकार आला की तुम्ही उठता. एकदा बसून विचारा : ‘काकू, आधी कुणाच्या कुत्र्याचा त्रास झालाय का?’ मग बघा काय काय बाहेर येतं. आधीच्या भाडेकरूचा लॅब्रॅडोर बाल्कनीत बांधलेला असायचा आणि त्याचं पाणी खालच्या दोरीवरच्या कपड्यांवर ठिबकायचं. काकांना लहानपणी कुत्रं चावलंय आणि त्यांनी पोटात चौदा इंजेक्शनं घेतलीत. सासूबाईंचं सोवळं आहे आणि जिना देवघराच्या दारावरून जातो. आणि सगळ्यात जास्त वेळा निघणारी, पण कुणी आपण होऊन न सांगणारी अडचण म्हणजे गच्ची. एप्रिल-मे मध्ये तिथे कुरडया, सांडगे, पापड, वर्षाचं तिखट वाळत असतं. ज्या बाईनं पहाटे उठून चीक शिजवलाय आणि पांढऱ्या धोतरावर कुरडया घातल्यात, तिला त्या गच्चीवर तुमची चिंगी फिरताना डोळ्यासमोर दिसते. तिचं ‘नको’ तिथून येतं. ‘चिंगी गच्चीवर कधीच येणार नाही, लिहून देते’ हे वाक्य तिच्यासाठी जास्तीच्या डिपॉझिटपेक्षा मोठं आहे.

खाण्याचंही तसंच. सांगलीत, विशेषतः नेमिनाथनगर आणि आसपास, जैन कुटुंबांची घरं बरीच आहेत आणि ‘शाकाहारीच पाहिजे’ ही अट पदोपदी भेटेल. तिथे अडचण कुत्रीची नसते, तिच्यासाठी शिजणाऱ्या कोंबडीची असते. चिंगी दूधभात, दहीभात, पनीर आणि बाजारात मिळणाऱ्या शाकाहारी कोरड्या खाद्यावर नीट राहत असेल, डॉक्टरांनीही ते चालेल म्हटलं असेल, तरच त्या घराचा विचार करा. शाकाहारी म्हणून सांगायचं आणि रविवारी दार लावून कुकर लावायचा, हे करू नका. शिट्टीबरोबर वास खाली जातोच. तिला मांस लागतच असेल तर ती घरं सोडून द्या, त्यात कुणाचा अपमान नाही.

आणि कधी कधी ‘कुत्रं नको’ हे नुसतं पुढे केलेलं निमित्त असतं. मनात ‘एकटी मुलगी नको’ असतं. ओळखायची खूण सांगते. कुत्रीबद्दल तुम्ही एकेक शंका सोडवत जाता आणि समोरून दर वेळी नवी निघते, आई-वडील कुठे असतात, घरी कोण येतं-जातं, रात्री यायला उशीर होतो का. तिथे वेळ घालवू नका. ते घर चिंगी नसती तरी तुम्हाला सुखानं राहू देणार नव्हतं.

फोनवर बोलताना ‘कुत्रा चालेल का?’ असं विचारू नका. या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायला विचार करावा लागत नाही. त्याऐवजी असं काहीतरी म्हणा : ‘मी बँकेत अधिकारी आहे, तीन वर्षं तरी इथेच आहे. सोबत माझी एक कुत्री आहे, चार वर्षांची, नसबंदी झालेली, लसी वेळेवर झालेल्या. आधी मी एकटी घर बघून जाते. तुम्हाला पटलं तर तिला एकदा भेटायला आणते, मग ठरवा.’ चिंगीची नसबंदी झाली नसेल तर घर मिळायच्या आधी ती करून घ्या. माजावर आलेली कुत्री असली की गल्लीतले सगळे कुत्रे रात्रभर त्या दारात असतात, आणि तेवढं एक कारण घर जायला पुरतं. भेटायला आणाल तेव्हा आधी तासभर फिरवून, दमवून आणा. रेबीजच्या वार्षिक लसीची नोंद असलेलं कार्ड बरोबर ठेवा. ‘गावठी आहे होय’ असं कुणी नाक मुरडून म्हणालंच, तर तिचं खरं कौतुक करा : केस कमी गळतात, उन्हाळा सोसतो, अंगाला वास कमी, आणि सहसा दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही. घरमालकाच्या दृष्टीनं झुपकेदार परदेशी कुत्र्यापेक्षा हे भाडेकरू बरंच सोपं.

सरकारी बँकेत आहात म्हणता, मग तुमच्या हातात एक हुकमी पान आहे आणि ते तुम्ही खेळल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. अधिकाऱ्यांसाठी घर बँकेनं लीजवर घ्यायची सोय असते. करार बँक आणि मालक यांच्यात होतो आणि भाडं बँकेकडून थेट मालकाच्या खात्यात जमा होतं. पेन्शनीत निघालेल्या काकांना ‘दर महिन्याला बँक भाडं भरणार’ हे ऐकवून बघा, कुत्रीचं वजन एकदम कमी होतं. तुमच्या पदाला ही सोय लागू आहे का आणि सांगलीसाठी भाड्याची मर्यादा किती, हे प्रशासकीय कार्यालयात विचारून घ्या. फक्त या कराराचा मसुदा बँकेचा ठरलेला असतो, त्यात चिंगी कुठेच बसत नाही. म्हणून मालकाकडून वेगळ्या कागदावर सही घ्या.

लीज न घेता स्वतःच भाड्यानं राहणार असाल, तर रीतसर लिव्ह अँड लायसन्स करार करून तो नोंदवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. खर्चाला कुणी घाबरवलं तर हिशेब करून दाखवा. भाडं ९,००० आणि परत मिळणारं डिपॉझिट ३०,००० धरा. अकरा महिन्यांचं भाडं ९९,०००, त्यात डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, आणि त्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे अडीचशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर करून देणाऱ्याची मजुरी. एवढ्यासाठी ‘नोटरीवर भागवू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

करारात किंवा त्या वेगळ्या कागदावर काय लिहायचं? मी असं लिहीन : ‘परवानाधारकासोबत तिची एक पाळीव श्वान (मादी, देशी, वय अंदाजे चार वर्षे) सदर जागेत राहील, याची घरमालकास पूर्ण कल्पना असून त्यास संमती आहे. श्वानामुळे दारे, जाळ्या, भिंती वा फरशी यांचे नुकसान झाल्यास दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च परवानाधारक देईल. श्वानास गच्चीवर नेले जाणार नाही.’ यात ‘प्रत्यक्ष खर्च’ हे शब्द राहू द्या. नाहीतर दाराच्या एका ओरखड्यापायी अख्खं घर रंगवून घेतलं जातं. किल्ली घेताना दारांचे खालचे भाग आणि खिडक्यांच्या जाळ्या यांचे जवळून फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवून द्या. जास्तीचं डिपॉझिट मागितलं तर एका महिन्याच्या भाड्याएवढं द्यायला हरकत नाही, पण ते परत मिळणारं आहे हे लिहून घ्या. दर महिन्याला ‘कुत्र्याचे पाचशे’ हा प्रकार मात्र मान्य करू नका, तो पुढे वाढतच जातो.

कुठे शोधायचं? एजंट आणि मोबाइलवरच्या जाहिराती यांत अडकून पडू नका. विश्रामबागेत संध्याकाळी पायी फिरा. ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी फाटकाला बांधलेली असते आणि ती घरं नेटवर कधी येत नाहीत. कुत्र्यांच्या डॉक्टरांकडे चिंगीची फाइल उघडायला जा आणि तिथेच विचारा. भाड्याच्या घरात राहून कुत्रं पाळणारे कोण, कुठल्या मालकाला चालतं, हे त्यांच्या कंपाउंडरला पाठ असतं. कुत्र्याचं खाद्य विकणाऱ्या दुकानदारालाही.

मला विचाराल तर फ्लॅटपेक्षा बंगल्याचा वरचा मजला बघा, बाहेरून वेगळा जिना असलेला. मुलं पुण्याला किंवा अमेरिकेत, खाली म्हातारा-म्हातारी दोघंच, अशी घरं या भागात खूप आहेत. त्यांना भाड्यापेक्षा वर कुणाचा तरी वावर हवा असतो, आणि अनोळखी पावलाला भुंकणारं कुत्रं असलं तर हवंच असतं. मात्र चिंगीला राखणदार म्हणून विकू नका. ती गॅस सिलिंडरवाल्यापुढे शेपूट हलवत गेली की तुमचा शब्द खोटा पडेल. आणि खाली माणसं असली की वर नखांची टिकटिक ऐकू जाते, तेव्हा नखं वेळच्या वेळी कापा आणि तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर जुनी सतरंजी टाका. दुसरा पर्याय वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजांच्या आसपासची, विद्यार्थ्यांना देत आलेली घरं. तिथल्या मालकांनी भिंतींवर बरंच काही पाहिलेलं असतं, एक कुत्री त्यांना जड वाटत नाही. धामणी रस्त्याकडच्या नव्या इमारतींत भाडं कमी पडेल आणि मालक लांब राहत असल्यानं हरकतही कमी येईल. पण तिथे घर ठरवण्याआधी रात्री दहाला आणि सकाळी सहाला एकदा चालून बघा. मोकळ्या प्लॉटांवर कुत्र्यांच्या टोळ्या असतात, आणि नवी आलेली मादी पट्ट्याला बांधलेली असली की ती टोळी तिला फिरकू देत नाही. रोजच तसं होणार असेल तर स्वस्त घर परवडत नाही.

कुत्रीला सोपा म्हणून तळमजला घ्यायचा मोह होईल. घ्या, पण पाण्याची चौकशी करून. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा धोक्याच्या बरंच वर. कर्नाळ रस्ता, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट इथे पाणी आधी शिरतं. शामरावनगरात तर नदी न चढताही नुसत्या पावसानं साचतं. विश्रामबाग उंचावर आहे, तरी गल्ली-गल्लीत फरक असतो, म्हणून मालकाला नाही, शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा की १९ साली पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. चिंगीच्या वार्षिक लसीत लेप्टोस्पायरोसिसचा समावेश आहे ना, हेही डॉक्टरांकडून बघून घ्या. पुराच्या, साचलेल्या पाण्यातून ते दुखणं कुत्र्यांनाही होतं आणि त्यांच्याकडून आपल्यालाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि घर मिळाल्यावर ते टिकणार की नाही हे तिच्यावरच ठरेल. तुम्ही सकाळी साडेनऊला निघणार, मार्च एण्डला रात्री आठ वाजणार. इतका वेळ चिंगी एकटी काय करणार? पुण्यात तुमच्याबरोबर कुणी राहत होतं का, ती एकटी राहायला सरावली आहे का, तुम्ही लिहिलेलं नाही. शेजाऱ्यांच्या तक्रारी केसांच्या किंवा घाणीच्या फारशा नसतात. दुपारी सगळं सामसूम असताना दोन-दोन तास चाललेल्या रडण्याच्या असतात, आणि ते रडणं तुम्हाला कधी ऐकूच येत नाही, कारण तेव्हा तुम्ही घरी नसता. म्हणून घर शाखेपासून एवढ्या अंतरावर घ्या की जेवणाच्या सुट्टीत स्कूटरवर जाऊन येता येईल. त्यासाठी हजारभर भाडं जास्त गेलं तरी चालेल. तिला शुक्रवारी रात्री आणा, दोन-तीन दिवसांची रजा जोडून घ्या, आणि आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास, मग दोन तास असं एकटं ठेवून बघा. जुना मोबाइल आवाज टिपायला सुरू ठेवून बाहेर जा, म्हणजे खरं काय होतं ते कळेल. खालच्या काकूंना पहिल्याच दिवशी तुमचा नंबर देऊन सांगा, ‘भुंकली तर आधी मला फोन करा.’ आधी तुम्हाला फोन आला की पुढची बैठक टळते.

राहता राहिला आईचा मळा. आईंचा हेतू वाईट नाही. मुलगी परक्या गावी घरासाठी वणवण करतेय आणि अडलंय कशात, तर एका कुत्रीत, हे त्यांना बघवत नाही. पण पलंगाशेजारी झोपून चार वर्षांची झालेली कुत्री मळ्यात मोकळी राहत नाही, तुम्हाला शोधत रस्त्यावर येते. मळ्यातल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते, ती तिला आत घेतीलच असं नाही. मामा शिराळ्याकडचे असतील तर उसातले बिबटे आहेत, आणि कुत्री ही त्यांची सोपी शिकार. कायमचं सोडायला मळा नको. पण बँक तुम्हाला अधूनमधून ट्रेनिंगला पाठवणार, घरी लग्नकार्य निघणार, तेव्हा चार-पाच दिवस तिला ठेवणारं माणूस लागेलच. इथे कुत्र्यांना ठेवून घेणारी सोय पुण्याइतकी हाताशी नाही. मामांना तेवढ्यासाठी आत्ताच विचारून ठेवा, आणि पहिल्या खेपेला तुम्ही स्वतः एक रात्र तिच्याबरोबर तिथे राहा.